पुस्तक काढून घेणारे हात कोणाचे?

आमच्या वस्तीतील बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर समाजबांधवांच्या वर्गणीतून एक अभ्यासिका चालते. रविवारी सकाळची वंदना झाली की आम्ही खाली सभागृहात बसून लोकांना मोफत कायदेशीर सल्ला देतो. जातपडताळणीपासून कोठडीतील मारहाणीपर्यंत सर्व प्रकारची गाऱ्हाणी तेथे येतात. मध्यंतरी एका रविवारी मात्र वेगळेच गाऱ्हाणे आले. अभ्यासिकेची देखरेख करणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीला घेऊन खाली आले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, ही पोरगी अभ्यासिकेत बसून इंग्रजी गोष्टीची पुस्तकं वाचते. वर स्पर्धा परीक्षेचं गाईड, आत गोष्टीचं पुस्तक. समाजाच्या पैशाची लाईट अशासाठी जाळायची का? तुम्हीच समजवा हिला."

मुलगी घाबरलेली होती, पण खोटे बोलली नाही. फोर्टच्या फुटपाथवरून जुनी पुस्तके घेते, मोबाइलमध्ये शब्दांचे अर्थ बघत बघत वाचते, आतापर्यंत पंधरा-सोळा पुस्तके झाली, असे तिने सांगितले. सगळी पुस्तके एकाच प्रकारची. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींविषयीच्या आणि त्याच वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या. आम्ही काय केले? आपल्या समाजातील कोणताही शहाणा माणूस करील तेच केले. तिला म्हणालो, "बाळ, ही लहान मुलांची पुस्तकं. तू आता कॉलेजात आहेस. आधी नोकरी मिळव, मग हवं ते वाच." अभ्यासिकेच्या भिंतीवर नियमावली लावलेली आहे. तिचा चौथा नियम 'येथे फक्त अभ्यासाचीच पुस्तके वाचावीत' असा आहे. आम्ही त्या नियमाकडे बोट दाखवले. तो नियम आम्हीच लिहिला होता.

तिने वाद घातला नाही. हातातले पुस्तक टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "सर, यात कोर्टाची केस आहे. तुम्ही एकदा वाचा. वाईट असेल तर नाही वाचणार मी." जय भीम करून ती निघून गेली. ते पुस्तक आम्ही त्याच रात्री वाचून काढले आणि सकाळी आमचे आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले. हा लेख त्यामुळेच लिहावा लागत आहे.

पिंजऱ्यातील सोळा वर्षांचा मुलगा

पुस्तकाचे नाव 'मॉन्स्टर', म्हणजे राक्षस. लेखक वॉल्टर डीन मायर्स. न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ते वाढले, शाळा अर्धवट सोडून सैन्यात गेले आणि पुढे आयुष्यभर कुमारवयीन मुलांसाठी लिहीत राहिले. 'मॉन्स्टर' १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि कुमार साहित्यासाठी अमेरिकेत सुरू झालेला प्रिंट्झ पुरस्कार पहिल्याच वर्षी, २००० साली, त्याला मिळाला.

कथा साधी आहे. स्टीव्ह हार्मन हा हार्लेममधला सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. एका औषधाच्या दुकानात दरोडा पडतो, दुकानदार मारला जातो. स्टीव्ह आधी दुकानात जाऊन रस्ता मोकळा आहे का ते पाहून आला, असा त्याच्यावर आरोप. गोळी त्याने झाडलेली नाही, पण खटला खुनाचा. आपल्याकडे भारतीय दंड विधानाच्या कलम ३४ खाली, म्हणजे आताच्या न्याय संहितेच्या कलम ३(५) खाली, 'समान उद्देश' लावून कडेला उभे असलेल्या पोरांना जसे ओढले जाते, तसाच थोडाफार हा प्रकार. स्टीव्हला सिनेमा काढण्याचा नाद असतो. तुरुंगातील भीती सहन व्हावी म्हणून तो आपल्याच खटल्याची पटकथा लिहीत जातो. सरकारी वकील पहिल्याच भाषणात आरोपींना राक्षस म्हणतात. त्याची स्वतःची वकीलबाई त्याला समजावून सांगते की, तू तरुण आहेस, काळा आहेस आणि आरोपी आहेस, एवढ्यावरच निम्म्या ज्युरींनी तुला पाहताक्षणी दोषी ठरवले आहे. शेवटी तो निर्दोष सुटतो. आनंदाने वकीलबाईंना मिठी मारायला जातो, आणि त्या पाठ फिरवतात. त्यांना आपल्यात असे काय दिसले, हा प्रश्न तो पुढे कॅमेऱ्यापुढे उभा राहून स्वतःला विचारत राहतो.

वाचकहो, आम्ही पंधरा-वीस वर्षे कोर्टात उभे आहोत. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर 'कोंबिंग ऑपरेशन'च्या नावाखाली वस्त्यावस्त्यांतून आपली पोरे उचलली गेली, त्यांत मिसरूडही न फुटलेली मुले होती. आम्हीही त्यांपैकी काहींचे जामीन अर्ज केले. जामीन झाला की आम्ही पुढच्या फाइलकडे वळत होतो. कोठडीतून बाहेर आलेल्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे विचारायला आम्हाला वेळ नव्हता. त्यामुळे त्या वकीलबाईंचे पाठ फिरवणे आम्हाला फार ओळखीचे वाटले. जे कायद्याच्या कोणत्याही पुस्तकाने आम्हाला शिकवले नाही, ते आम्ही 'लहान मुलांचे' ठरवलेल्या पुस्तकाने शिकवले. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यांत प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाट आपल्याकडेही उघडली आहे. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशाच्या तुरुंगांतील सुमारे तीन चतुर्थांश कैदी अजून दोषी ठरलेलेच नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर जे घडले, त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. असे असताना आपल्या कॉलेजातील मुलीने स्टीव्ह हार्मनची गोष्ट वाचणे हा वेळेचा अपव्यय कसा?

हे साहित्य आले कोठून?

अमेरिकेत या प्रकाराला 'यंग अ‍ॅडल्ट' साहित्य म्हणतात. आपण कुमार साहित्य म्हणू. तेथील ग्रंथालय संघटनेने १९५७ सालीच या वयाच्या वाचकांसाठी स्वतंत्र विभाग काढला. १९६७ साली आलेली 'द आउटसायडर्स' ही या प्रकाराची पायाभरणी करणारी कादंबरी मानली जाते. तिची लेखिका एस. ई. हिंटन हिने ती शाळेत असताना लिहिली आणि ती प्रसिद्ध झाली तेव्हा ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. आमच्या त्या मुलीने वाचलेले दुसरे पुस्तक 'द हेट यू गिव्ह' (२०१७). त्याची लेखिका अँजी थॉमस मिसिसिपी राज्यातील. २००९ साली ऑस्कर ग्रँट या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने गोळी घातली. त्या संतापातून थॉमस यांनी कॉलेजात शिकत असताना एक कथा लिहिली, तिचीच पुढे कादंबरी झाली. म्हणजे ज्या वयाला आपण 'आता गोष्टी पुरे' म्हणतो, त्याच वयात तिकडे या गोष्टी लिहिल्या गेल्या आहेत.

थॉमस यांची नायिका स्टार ही सोळा वर्षांची. राहते गरीब कृष्णवर्णीय वस्तीत, शिकते दूरच्या, बहुतांश गोऱ्या मुलांच्या महागड्या शाळेत. शाळेत तिची भाषा वेगळी, चालणे वेगळे, हसणेसुद्धा वेगळे. लहानपणीच्या मित्राला पोलीस तिच्या डोळ्यांदेखत गोळी घालतो, आणि एकमेव साक्षीदार म्हणून बोलायचे की गप्प बसायचे, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो. आता आपल्या मुलींकडे पाहा. कॉलेजात कोणी 'राहायला कुठे?' विचारले की त्या रेल्वे स्टेशनचे नाव सांगतात, वस्तीचे सांगत नाहीत. आडनाव सांगताना आवाज खाली जातो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या आपल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १० जण शहीद झाले. या मुलीचा जन्म त्यानंतरचा. त्यावर आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट आहे, शाहिरांची गाणी आहेत. पण त्या दिवशी गल्लीत उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीची कादंबरी, तेवढ्याच वयाच्या मुलीच्या हाती द्यावी अशी, कोठे आहे? ती शोधत शोधत ही मुलगी मिसिसिपीपर्यंत गेली आहे.

तिकडेही हे सहजासहजी घडलेले नाही. २०१४ साली मायर्स यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून मुलांच्या पुस्तकांत कृष्णवर्णीय माणसे आहेत कोठे, असा जाहीर प्रश्न विचारला. आधीच्या वर्षी, २०१३ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पाहणीत मुलांच्या ३,२०० पुस्तकांपैकी अवघी ९३ पुस्तके कृष्णवर्णीयांविषयी निघाली होती. लहानपणी वाचनवेडे असलेले मायर्स कुमारवयात वाचनापासून तुटले, कारण पुस्तकांतल्या कोणाचेच जगणे त्यांच्यासारखे नव्हते. पुढे जेम्स बाल्डविन यांची हार्लेममधल्या माणसांची एक कथा हाती लागली आणि आपल्या वस्तीविषयी लिहिता येते, हा परवानाच त्यांना मिळाला. रूडीन सिम्स बिशप या विदुषींनी १९९० साली हेच सूत्ररूपाने मांडले होते. पुस्तक हे मुलासाठी दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची खिडकी असते, तसा स्वतःला पाहण्याचा आरसाही असला पाहिजे. आपल्या मुलांना खिडक्याच खिडक्या मिळाल्या. आरसा मिळाला नाही.

सत्तेला गोष्टींची भीती का वाटते?

ही पुस्तके निरुपद्रवी करमणूक असती, तर त्यांच्यावर बंदी घालण्याची गरज कोणाला पडली असती? 'द हेट यू गिव्ह' प्रसिद्ध झाले त्याच वर्षी टेक्सासमधील एका शाळा प्रशासनाने ते कपाटातून काढले. पेन अमेरिका या लेखकांच्या संस्थेने २०२३-२४ या शालेय वर्षात पुस्तके काढण्याच्या वा रोखण्याच्या १०,०४६ घटना नोंदवल्या, २०२४-२५ मध्ये ६,८७०. निशाण्यावर प्रामुख्याने वंशभेदाविषयी बोलणारी आणि लैंगिक अल्पसंख्याकांविषयीची पुस्तके आहेत.

हा खेळ नवा नाही. १९७६ साली न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज येथील शाळा मंडळाने काही पुस्तके आक्षेपार्ह ठरवून ग्रंथालयातून उचलली. त्या यादीत रिचर्ड राईट यांचे 'ब्लॅक बॉय' होते, लँग्स्टन ह्यूज यांनी संपादित केलेला कृष्णवर्णीय लेखकांच्या कथांचा संग्रह होता, अ‍ॅलिस चिल्ड्रेस यांची कुमारांसाठीची कादंबरी होती. स्टीव्हन पिको नावाच्या शाळकरी मुलाने आपल्या सोबत्यांसह मंडळाला कोर्टात खेचले. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने अगदी काठावरच्या बहुमताने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मांडले की, केवळ त्यातील विचार आवडत नाहीत म्हणून शाळा मंडळाला ग्रंथालयातून पुस्तके काढता येणार नाहीत.

पण हक्क एकदा मिळाला म्हणून कायमचा राहतो असे नाही, हे आपल्याला सांगायला नको. टेक्सासमधील लानो काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयातून २०२१ साली १७ पुस्तके काढली गेली. त्यांत कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या दहशतवादी टोळीचा इतिहास कुमारवयीन वाचकांना सांगणारे सुझन बार्टोलेटी यांचे पुस्तक होते. आणि इझाबेल विल्करसन यांचे 'कास्ट' होते! अमेरिकेतील वंशभेद ही मुळात जातिव्यवस्थाच आहे, हे बाबासाहेबांचा दाखला देत सांगणारे हे पुस्तक. वाचक कोर्टात गेले. मे २०२५ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपिली न्यायालयाने पूर्णपीठात दहा विरुद्ध सात मतांनी त्यांच्या विरोधात निर्णय दिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला. जात हा शब्द टेक्सासच्या एका छोट्या ग्रंथालयाच्या कपाटातही कोणाला तरी सलतो, याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. शोषक व्यवस्था अभ्यासक्रमाच्या पुस्तकांना फारशी घाबरत नाही, कारण ती तिनेच लिहिलेली असतात. ज्या पुस्तकाने सोळा वर्षांच्या मुलाला 'माझ्यावर अन्याय होतो आहे आणि मी एकटा नाही' हे कळते, त्या पुस्तकाला ती घाबरते.

आणि आपण?

पुस्तकासाठी लढण्याचा इतिहास आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रसिद्ध केला तेव्हा तो मागे घ्यावा म्हणून जातीयवाद्यांनी केवढा गदारोळ केला! त्याविरुद्ध फेब्रुवारी १९८८ मध्ये आपला समाज लाखोंच्या संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरला. शासनाला खंड ठेवावा लागला, मात्र त्यातील मतांशी शासन सहमत नसल्याची टीप त्यात घालण्यात आली. एका पुस्तकासाठी लाखो माणसे रस्त्यावर उतरतात, यांतील कित्येकांना ते पुस्तक वाचताही येत नव्हते, असा दुसरा समाज दाखवा! दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर उसळणारी गर्दी ही याच इतिहासाची साक्ष आहे.

तरीही आमचा प्रश्न आहे. त्या स्टॉलवर आई-वडिलांचे बोट धरून आलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी काय असते? बाबासाहेबांचे छोटे सचित्र चरित्र असते, गाण्यांची पुस्तिका असते. ती हवीतच. पण त्याचे स्वतःचे वय, त्याची शाळा, त्याची भीती, त्याचे पहिले प्रेम, वर्गात सर्वांसमोर 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' म्हटल्यावर त्याला काय वाटते, हे सांगणारे पुस्तक असते का? अमेरिकेत कपाटातून पुस्तक काढायला शाळा मंडळाला ठराव करावा लागतो, कोर्टात उत्तर द्यावे लागते. आपल्याकडे कपाटच नाही. आणि एखाद्या पोरीने स्वतःच्या पैशाने पुस्तक आणलेच, तर ते काढून घेणारे हात मनुवाद्यांचे नसतात. ते आमचे असतात, ज्या हातांनी आम्ही चौथा नियम लिहिला.

कायद्याचेही पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असली पाहिजेत, असे स्पष्ट लिहिले आहे. गोष्ट वाचणे ही चैन नाही, शिक्षणाचा भाग आहे, हे संसदेने मान्य केले आहे. पण हा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांपुरता, आठवीपर्यंतचा. ज्या वयात कुमार साहित्याची खरी गरज सुरू होते, नेमक्या त्याच वयात गोष्टींवरचा कायदेशीर हक्क संपतो! पुढे दहावी, बारावी, सीईटी, मग गाईड आणि प्रश्नसंच. मध्यमवर्गीय सवर्ण घरात ही फट घरातले कपाट भरून काढते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती कोण भरणार? म्हणून तर ती मुलगी विहारात आली होती.

येथे आमचे ज्येष्ठ बांधव म्हणतील, वकीलसाहेब, पोट भरल्यावर हे सुचते. पहिली पिढी शिकते आहे, बाप सफाईच्या ठेक्यावर आहे, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, सरकारी जागा आटत चालल्या आहेत. अशा वेळी एक-एक तास मोलाचा. हे म्हणणे खोटे नाही, आणि अभ्यासिका नसत्या तर आपली कितीतरी मुले आज साहेबाच्या खुर्चीत दिसली नसती. पण आमचे उत्तर असे की, नोकरी आणि गोष्ट यांत भांडण आपण लावले आहे. चळवळीला फक्त कर्मचारी हवे आहेत की माणसेही हवी आहेत? नोकरी लागलेला आपला तरुण चळवळीपासून दूर का जातो, याची चर्चा आपण प्रत्येक शिबिरात करतो. ज्याला तरुणपणी दुसऱ्याच्या दुःखात शिरण्याची सवयच लागू दिली नाही, तो पगार सुरू झाल्यावर वस्तीकडे वळून पाहील ही अपेक्षा कशाच्या बळावर?

एका मुलाला भेट मिळालेले पुस्तक

आणि या प्रश्नावरचा शेवटचा निकाल तर आपल्या उद्धारकर्त्याच्या चरित्रातच दिलेला आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत राहणारा भीमराव शाळेच्या पुस्तकांपलीकडचे वाचत असे, आणि मुलाला हवे ते पुस्तक आणण्यासाठी सुभेदार रामजी विवाहित मुलींचे दागिने मागून गहाण टाकत असत. चर्नी रोडच्या बागेत बसून वाचणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींच्या नजरेस पडला. मुलाच्या परीक्षेतील यशाबद्दल वस्तीने सत्कार केला. चरित्रकार तो १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा सांगतात, बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा सांगितला आहे. त्या सत्कारात केळूसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र त्याला भेट दिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या, पहिल्या आवृत्तीत छापल्या न गेलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या बुद्धाकडे वळण्याचा उगम या पुस्तकापाशी सांगितला आहे.

बांधवांनो, विचार करा. ते पुस्तक कोणत्याही परीक्षेला नव्हते. त्यावर एकही गुण मिळणार नव्हता. कुमारवयीन मुलाच्या हाती एका जाणत्या माणसाने योग्य वेळी ठेवलेले ते गोष्टीचे पुस्तक होते, एका राजपुत्राने घर का सोडले त्याची गोष्ट. त्या गोष्टीपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरपर्यंत रस्ता जातो. आमच्या अभ्यासिकेत त्या दिवशी केळूसकर गुरुजी आले असते, तर आमच्या चौथ्या नियमाने त्यांनाही पुस्तक पिशवीत ठेवायला लावले असते!

आता काय करायचे?

आपल्या साहित्याचा पायाच बालपणाच्या आठवणींवर उभा आहे. 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४), 'जिणं आमुचं' (१९८६) यांत शाळेच्या दाराबाहेर बसलेले मूल आहे, उपाशी पोटी पाटी धरलेले मूल आहे. पण ही पुस्तके मोठ्यांसाठी लिहिली गेली. मराठी कुमारांच्या पुस्तकांत जे घर येते ते कोकणातल्या श्यामचे, पुण्याच्या शाळेतल्या फास्टर फेणेचे. ती पुस्तके वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी केलेले उपोषण आम्ही विसरलेलो नाही. पण श्यामची आई आपल्या आईसारखी नव्हती, हेही खरेच आहे.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्याच जानेवारीत अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांनी जेसी फॉसेट यांच्या साथीने कृष्णवर्णीय मुलांसाठी 'द ब्राउनीज बुक' हे मासिक काढले. दोन वर्षे, २४ अंक चालले. कुमारवयातील लँग्स्टन ह्यूज यांच्या सुरुवातीच्या कविता त्यात छापून आल्या, तेच ह्यूज ज्यांचे नाव पुढे आयलंड ट्रीजच्या यादीत आले. याच डु बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली संयुक्त राष्ट्रसंघाकडील अर्जासंबंधी पत्र लिहिले होते. ज्यांना गुलामगिरीच्या वारशाशी लढायचे होते, त्यांनी मुलांचे मासिक हे दुय्यम काम मानले नाही. आपण त्यांच्याकडून १९७२ साली 'पँथर' घेतला, तसे हेही घ्यायला हवे. आपल्या देशातही थोडे काम झाले आहे. हैदराबादच्या अन्वेषी संस्थेने दलित-बहुजन मुलांच्या जगण्यावरील गोष्टींची 'डिफरंट टेल्स' ही मालिका २००८ साली आणली. कांचा इलय्या यांनी श्रमप्रतिष्ठेवर मुलांसाठी पुस्तक लिहिले. नवयाना प्रकाशनाचे 'भीमायन' (२०११) दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी चितारले. मराठीत, बाबासाहेबांच्या स्वतःच्या प्रांतात, ही वाट राजरस्ता व्हायला हवी होती.

म्हणून आमच्या सूचना थोड्या आणि करण्याजोग्या आहेत. प्रत्येक विहाराच्या अभ्यासिकेत एक कपाट गोष्टींचे असावे. ६ डिसेंबरच्या स्टॉलधारकांनी एक फळी १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठी राखावी. आपल्या प्रकाशकांनी 'मॉन्स्टर'सारख्या कादंबऱ्यांचे हक्क रीतसर घेऊन मराठी अनुवाद काढावेत, कारण प्रत्येक मुलीला इंग्रजीचा डोंगर चढायला लावणे बरोबर नाही. आणि आपल्या कवी-लेखकांनी पुरस्कारांच्या समित्यांकडे न पाहता वस्तीतल्या नववीच्या मुलीकडे पाहून एक तरी कादंबरी लिहावी. तिकडचे सगळेच उत्तम आहे असे नाही, रक्तपिपासू भुतांच्या भाकडकथाही त्यात भरपूर आहेत. ती मुलगी त्याही आवडीने वाचते. वाचू द्या. जिला निवड करण्याची संधीच मिळाली नाही, तिला पारख कोठून येणार?

समितीच्या बैठकीत आम्ही नियम बदलण्याचा प्रस्ताव मांडला. दोन तास कडाक्याची चर्चा झाली. देखरेख करणाऱ्या काकांनी विरोधात मत दिले, आणि मतदान झाल्यावर आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "त्या पोराला शेवटी सोडतात का हो?" परीक्षेच्या मुलांची एकही जागा कमी होणार नाही, या अटीवर जिन्यालगतचे एक कपाट एका वर्षासाठी मंजूर झाले आहे. कपाटाची जबाबदारी त्या मुलीकडे दिली आहे. आम्ही तिचे पुस्तक परत केले आणि तिच्यासमोर भिंतीवरचा चौथा नियम खोडून पुन्हा लिहिला. आता तो इतकाच आहे : येथे पुस्तके वाचावीत.

आपापल्या विहारातील चौथा नियम प्रत्येकाने एकदा तपासून पाहावा, एवढीच विनंती.

जय भीम!